हूलॉक गिबनची बातमी कशी करावी: नव्या वार्ताहरांसाठी

पर्यावरणाच्या बीटवर नव्याने आलेल्या वार्ताहराकडे बिबट्याची बातमी आपणहून चालत येते. जुन्नरच्या उसात बछडे सापडतात, चंद्रपूरकडून वाघाच्या हल्ल्याचा फोन येतो. गिबनचं तसं नाही. तो गावात शिरून कुणाला इजा करत नाही. उंच झाडांच्या शेंड्यावर राहतो आणि झाडांची सलगता तुटली की काही पिढ्यांत गुपचूप नाहीसा होतो. त्यामुळे ही बातमी शोधायला जावं लागतं. शोधायची कशी, याची एक वाट इथे मांडतो आहे. उदाहरण आसामचं घेतलं आहे, कारण भारतात मुक्तपणे राहणारा एकमेव कपी (शेपूट नसलेला, माकडाहून वेगळा प्राणी), म्हणजे हूलॉक गिबन, ईशान्येतच आहे आणि मराठी माध्यमांत त्याच्यावर फारच थोडं लिहिलं जातं.

एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात पक्की करा. गिबनची बातमी ही मुळात दोन झाडांमध्ये पडलेल्या अंतराची बातमी असते. ते अंतर कुणी पाडलं, कधी पाडलं, कोणत्या कागदावर सही झाली आणि ते भरून काढायला कोण काय करतंय, हे शोधणं हे तुमचं काम. प्राणी किती गोंडस आहे हे वाचकाला फोटोतून कळतंच.

आधी प्राणी समजून घ्या

आपल्याकडे गावोगावी दिसणारं वानर म्हणजे लंगूर. त्याला लांब शेपूट असते, गिबनला शेपूट नसते. गिबन, ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी आणि बोनोबो हे कपी. बातमीत गिबनला ‘माकड’ म्हणू नका. आसामातले लोक बोलीत त्याला ‘हलौ बांदर’ म्हणतात. त्यांचं बोलणं उद्धृत करताना तो शब्द तसाच ठेवा, स्वतःच्या वाक्यात मात्र ‘गिबन’ किंवा ‘कपी’ लिहा.

पुढची माहिती पाठ असू द्या, कारण मैदानावर तीच कामाला येते. पूर्ण वाढलेला नर काळा, भुवया पांढऱ्या. मादी तपकिरी-पिवळसर. पिल्लू जन्मतः फिकट असतं, नंतर काळं होतं आणि मादी असेल तर वयात येताना पुन्हा रंग बदलते. म्हणजे दिसलेला प्रत्येक काळा गिबन नरच असेल असं नाही. हे ठाऊक नसलं तर फोटोओळ हमखास चुकते. जोडपं आणि त्यांची पिल्लं असं लहान कुटुंब ठरावीक टापूत राहतं. एका वेळी एकच पिल्लू होतं आणि पुढचं व्हायला दोन-तीन वर्षं जातात. म्हणून एक मादी मेली की त्या टापूतलं नुकसान भरून यायला फार काळ लागतो. अंजिराच्या जातीची फळं हे त्याचं आवडतं खाणं. बिया दूरवर टाकून तो जंगल पेरत असतो.

पश्चिमी हूलॉक गिबन हा आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या म्हणजे आययूसीएनच्या लाल यादीत ‘संकटग्रस्त’ आहे आणि आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. जुन्या बातम्यांमध्ये ‘भारतात हूलॉकच्या दोन जाती’ असं वाचायला मिळेल. अरुणाचलमधल्या काही गिबनना आधी ‘पूर्वेकडचा हूलॉक’ ही वेगळी जात मानलं जात होतं. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या सहभागाने झालेल्या जनुकीय अभ्यासाने २०२१ मध्ये ते खोडून काढलं आणि भारतात एकच जात असल्याचं म्हटलं. जुनं कात्रण उतरवून काढण्याची सवय इथे अंगाशी येते.

एक जागा धरा आणि तिच्यावर मुक्काम ठोका

संपूर्ण ईशान्य कवेत घ्यायला जाऊ नका. सात राज्यांत गिबन आहे आणि प्रत्येक ठिकाणचं दुखणं निराळं आहे. सुरुवातीला एकच जागा निवडा. शिकायला सर्वांत चांगली जागा जोरहाट जिल्ह्यात, मारियानीजवळ आहे: होलोंगापार गिबन अभयारण्य. होलोंग या उंच वृक्षावरून हे नाव पडलं. तो आसामचा राज्यवृक्ष. १८८१ मध्ये राखीव झालेलं हे जंगल १९९७ मध्ये अभयारण्य झालं. क्षेत्रफळ जेमतेम २०.९८ चौरस किलोमीटर. एवढ्याशा जागेत गिबनसकट प्रायमेटच्या, म्हणजे माकडं-कपींच्या गटातल्या, सात जाती राहतात आणि चहूबाजूंनी चहाचे मळे आहेत. एकेकाळी हे जंगल नागा टेकड्यांकडच्या रानाशी जोडलेलं होतं. मळे वाढले आणि ते बेट झालं.

या बेटाचेही दोन तुकडे झाले आहेत. १८८७ पासून अभयारण्यातून रेल्वेमार्ग जातो आणि त्याने साधारण दीडशे हेक्टरचा एक कप्पा मुख्य जंगलापासून तोडला आहे. रुळांच्या कडेला उभं राहून मान वर करा. दोन्ही बाजूंच्या झाडांच्या माथ्यांमधून आभाळाची पट्टी दिसते. माणसाच्या दृष्टीने ते अंतर काहीच नाही, आपण चार पावलांत रूळ ओलांडतो. पण गिबन सहसा जमिनीवर उतरत नाही. पलीकडच्या कप्प्यातल्या कुटुंबात वयात आलेल्या पिल्लाला जोडीदार शोधायला जायचं तर वाटच नाही. तुमची पहिली बातमी त्या पट्टीतच आहे.

ही तूट जोडण्यासाठी रुळांवर लोखंडी पूल उभारला गेला होता. गिबननी तो वापरला नाही. पुढे विद्युतीकरणाचा विषय आला तेव्हा भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दोरांच्या पुलांची आखणी सुचवली. यातून नव्या वार्ताहराने घ्यायचा धडा माझ्या मते सगळ्यांत मोलाचा आहे: उद्घाटनाची बातमी कुणीही देतं, पुलावरून कुणी गेलं का ही बातमी द्यायला सहा महिन्यांनी, वर्षाने परत जावं लागतं. कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो घेणारे कॅमेरे) लावले आहेत का, त्यांची नोंद कोण ठेवतं, गिबनऐवजी खारी आणि मकाक माकडं तरी तो पूल वापरतात का, हे प्रश्न विचारा. फीत कापणाऱ्या पाहुण्यांपेक्षा त्या मार्गावर रोज गस्त घालणारा वनरक्षक याची उत्तरं अधिक नेमकी देईल.

कागद आधी, जंगल नंतर

गुवाहाटीचं तिकीट काढण्याआधी निदान आठवडाभर कागदांवर घालवा. हे काम पुण्यात, कोल्हापुरात, कुठेही बसून होतं.

पहिला थांबा केंद्राचं परिवेश पोर्टल. वनजमिनीचं वळतीकरण, वन्यजीव मंजुरी, पर्यावरण मंजुरी यांचे प्रस्ताव तिथे असतात. राज्य आणि जिल्हा टाकून शोधा, प्रस्ताव क्रमांक वहीत उतरवा. प्रस्तावासोबत बहुतेक वेळा जागेच्या सीमेची केएमएल फाईल (नकाशावर उघडणारी) असते. ती उतरवून गुगल अर्थवर उघडा आणि अभयारण्याच्या हद्दीपासूनचं अंतर स्वतः मोजा. प्रस्तावातलं अंतर आणि तुम्ही मोजलेलं अंतर यांत फरक पडला तर तिथेच बातमी सुरू होते.

दुसरा थांबा राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीची इतिवृत्तं. ती रूक्ष असतात, पण प्रत्येक प्रस्तावावर राज्याने काय म्हटलं, कोणत्या अटी घातल्या, निर्णय पुढे का ढकलला, सगळं तिथे मिळतं. २०२४ मध्ये होलोंगापारच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रात तेल-वायूच्या शोधासाठी विहीर खोदण्याचा प्रस्ताव या समितीसमोर आला. जमीन मागितली होती साडेचार हेक्टरच्या आसपास. असा आकडा वाचला की नवा वार्ताहर दोनपैकी एक चूक करतो: ‘अभयारण्यात खोदकाम’ असा सनसनाटी मथळा देतो किंवा ‘एवढीशी जमीन’ म्हणून विषय सोडून देतो. पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र अभयारण्याच्या बाहेर असतं, हे वाचकाला सांगणं आपलं कर्तव्य. आणि प्रश्न केवळ साडेचार हेक्टरांचा नसतो, हेही सांगणं कर्तव्यच. रस्ता कुठून जाणार, अवजड वाहनं किती, रात्री उजेड आणि आवाज किती, अपघात झाला तर काय?

‘अपघात झाला तर’ हा प्रश्न आसामात काल्पनिक नाही. तिनसुकिया जिल्ह्यात बाघजान इथे २७ मे २०२० रोजी वायूविहिरीचा स्फोट झाला, ९ जूनला तिला आग लागली आणि विहीर पूर्णपणे बंद करायला नोव्हेंबर उजाडला. त्याच जिल्ह्यात बरेकुरी गाव आहे, जिथे गिबन लोकांच्या परसातल्या झाडांवर राहतात.

माहिती अधिकाराचा अर्ज करायचा असेल तर ‘गिबनसाठी काय केलं?’ असं विचारू नका. त्याला ‘आवश्यक ती कार्यवाही चालू आहे’ एवढंच उत्तर येईल. दस्तऐवज मागा: अमुक तारखेच्या बैठकीचं इतिवृत्त, पुलाच्या कामाचा आदेश, खर्चाचा तपशील, अमुक काळातल्या पाहणी अहवालाची प्रत. रेल्वे केंद्राच्या अखत्यारीत येते, त्यामुळे तिचा अर्ज केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवरून दहा रुपये भरून करता येतो. वनखात्याचा अर्ज राज्याकडे. उत्तराची मुदत तीस दिवसांची, म्हणून दौऱ्याच्या महिनाभर आधीच अर्ज टाका.

वनआच्छादनाच्या आकड्यांपासून मात्र जपून राहा. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत एक हेक्टरहून मोठी आणि दहा टक्क्यांहून जास्त वृक्षछत्र असलेली कोणतीही जमीन वनआच्छादनात धरली जाते, मग ती बाग असो, बांबू असो की लागवड. ‘जिल्ह्यात वनआच्छादन वाढलं’ हे खरं असूनही गिबनचं घर तुटलेलं असू शकतं, कारण त्याला लागतं ते उंच आणि सलग छत्र.

परवानगी आणि सामान

अभयारण्यात जायला, फोटो काढायला किंवा चित्रीकरण करायला वन्यजीव कायद्याच्या कलम २८ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. पर्यटक म्हणून आत शिरून गुपचूप चित्रीकरण करू नका. तुमच्या पाठीमागून येणाऱ्या स्थानिक वार्ताहराला त्याची किंमत मोजावी लागते. आसामसाठी इनर लाइन परमिट (बाहेरच्या राज्यातल्यांना लागणारा प्रवेश परवाना) लागत नाही, अरुणाचल, नागालँड, मिझोराम आणि मणिपूरसाठी लागतं.

सामानात मास्क हवाच. माणसाच्या साध्या सर्दी-खोकल्याचे विषाणू कपींना भोवतात. आफ्रिकेत पर्वतीय गोरिलांच्या जवळ जाताना अंतर राखण्याचा आणि मास्क लावण्याचा नियम त्यासाठीच आहे. अंगात कणकण असेल तर त्या दिवशी जंगलात जायचं नाही. पावसाळ्यात जळवा असतात, जळवांसाठीचे लांब मोजे जोरहाटात मिळाले नाहीत तर पँट मोज्यांत खोचा.

आणि खर्चाचा प्रश्न. छोट्या वृत्तपत्राला हा दौरा परवडत नाही, म्हणून एखादी संस्था किंवा कंपनी तिकीट काढून देते. घेतलंत तर बातमीत तसं लिहा. वाचकापासून ते लपवू नका.

पहिली सकाळ ऐकण्याची

पहिल्या दिवशी कॅमेरा खोलीवर ठेवा, असं मी प्रत्येक नव्या वार्ताहराला सांगतो. वही, घड्याळ आणि होकायंत्र घ्या, फोनमधलं चालेल. उजाडण्याआधी वनरक्षकाबरोबर एका जागी जाऊन बसा. उजेड वाढला की कुठल्या तरी शेंड्यावरून हळू, खालच्या सुरात हूकार सुरू होतो. दुसरा आवाज त्यात मिसळतो. नर आणि मादी मिळून गातात, सूर चढत जातो, फांद्या हलतात. थोड्या वेळाने दुसऱ्या दिशेने दुसरं कुटुंब उत्तर देतं. ‘हा टापू आमचा’ असं ते एकमेकांना बजावत असतात.

वहीत फक्त तीन गोष्टी लिहा: वेळ, दिशा, आवाज एका कुटुंबाचा की एकट्याचा. शास्त्रज्ञ गिबन मोजतात ते बरंचसं याच पद्धतीने. दोन-तीन ठिकाणी माणसं बसवतात, एकाच गाण्याची दिशा प्रत्येक जण नोंदवतो, नकाशावर रेषा जिथे छेदतात तिथे ते कुटुंब. रोज प्रत्येक कुटुंब गातंच असं नाही, पाऊस-वाऱ्यात गाणं कमी होतं, म्हणून त्याची दुरुस्ती करून अंदाज काढतात. एकदा स्वतः दिशा नोंदवून बघितली की पुढे कुणी ‘गिबनची जनगणना’ असा शब्द वापरला तर तुम्ही थबकाल. अंदाज म्हणजे काय हे तुम्हाला कळलेलं असेल.

आकडा आला की चार प्रश्न

कोणत्या वर्षी मोजले? कोणत्या पद्धतीने? कुटुंबं मोजली की गिबन? आधीच्या गणनेत पद्धत हीच होती का?

चौथा प्रश्न बहुतेक जण विसरतात. पर्वतीय गोरिलांचं उदाहरण घ्या. आफ्रिकेतल्या विरुंगा डोंगररांगेत १९८१ मध्ये २५४ गोरिला होते, नंतरच्या गणनेत ६०४ झाले. युगांडातल्या ब्विंडीच्या २०१८ च्या गणनेत ४५९ आले. दोन्ही मिळून १,०६३. २०१८ मध्ये आययूसीएनने पर्वतीय गोरिलाला ‘अतिसंकटग्रस्त’मधून ‘संकटग्रस्त’मध्ये आणलं. ही खरीखुरी, अनेक माणसांच्या कष्टांची आणि काहींच्या प्राणांची कमाई आहे, ती मनापासून लिहा. पण त्यातली काही वाढ मोजणी अधिक बारकाईने झाल्यामुळेही दिसते. आणि ‘पूर्वेकडचा गोरिला’ या ज्या जातीची ही उपजात आहे, ती संपूर्ण जात अजून अतिसंकटग्रस्तच आहे. ‘गोरिला वाचले’ असा मथळा देण्याआधी हे तिन्ही मुद्दे एका बातमीत बसवून दाखवणं हा उत्तम सराव आहे. प्रशिक्षण घेणाऱ्यांना मी हाच पहिला गृहपाठ देईन, तोही तीनशे शब्दांत.

जंगलाच्या काठावरची माणसं

कपींच्या बातम्यांत माणसं एक तर खलनायक असतात किंवा ‘प्राणिप्रेमी आदिवासी’. दोन्ही साचे फेकून द्या. ब्विंडी १९९१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा तिथल्या बत्वा लोकांना जंगलाबाहेर काढलं गेलं. गोरिलांची संख्या वाढल्याच्या बातमीत हे वाक्य नसेल तर बातमी अर्धी आहे. मेळघाट-ताडोबातल्या पुनर्वसनाचं वार्तांकन ज्यांनी केलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

उलट, मेलेल्या प्राण्याच्या फोटोवरून थेट ‘शिकारी’ असा निष्कर्षही काढू नका. २००७ मध्ये विरुंगात गोरिलांना गोळ्या घातल्या गेल्या, त्यांचे फोटो जगभर गेले. ते मांसासाठी किंवा कवटीसाठी मारलेले नव्हते. धागा पोचला तो जंगल तोडून चालणाऱ्या बेकायदा कोळशाच्या धंद्यापर्यंत. कोळसा कोण विकत घेतं, शहरात चूल कशावर पेटते, इथवर जाणारी बातमीच टिकते.

आसामात मळ्यात काम करणाऱ्या कुटुंबांशी बोला. सरपण कुठून आणता, गॅस परवडतो का, हत्ती शेतात येतात तेव्हा भरपाई मिळते का, असं विचारा. गिबनबद्दल शेवटी विचारा. मेघालयात गारो टेकड्यांत सेलबालग्रे या गावाने आपल्या सामूहिक जमिनीतला भाग गिबनसाठी राखला आहे. तिथे गेलात तर झूम शेतीला (डोंगरावरच्या फिरत्या शेतीला) ‘जंगल जाळणं’ म्हणून मोकळे होऊ नका. जमीन किती वर्षं पडीक ठेवतात, तो काळ का आक्रसला, हे विचारा. भाषेसाठी दुभाषा लागेलच. वनखात्याचाच माणूस दुभाषा असेल तर वनखात्याविरुद्धची तक्रार तुमच्यापर्यंत पोचणार नाही. स्थानिक वार्ताहराला सोबत घ्या, त्याला मोबदला द्या आणि नावही द्या.

फोटो आणि व्हिडिओ

फोनवरून गिबनच्या हाकेचं रेकॉर्डिंग वाजवून त्याला जवळ बोलवू नका. दुसरं कुटुंब टापूत शिरलं असं समजून तो खाणं सोडून धावत येतो. पिल्लू मांडीवर घेतलेल्या माणसाचा फोटो, अगदी बचाव केंद्रातला असला तरी, शक्यतो छापू नका. चिंपांझीवर झालेल्या संशोधनात दिसलं आहे की माणसाशेजारी उभा असलेला कपी पाहिला की लोकांना तो धोक्यात आहे असं वाटेनासं होतं. फोटोतलं जीपीएस काढून टाका, झोपण्याच्या झाडाचं ठिकाण सांगू नका.

मुंबईत बसूनही बातमी आहे

थायलंड-मलेशियाकडून येणाऱ्या प्रवाशांच्या सामानात गिबनची पिल्लं सापडल्याच्या घटना मुंबई विमानतळावर घडल्या आहेत. ही परदेशी जातींची पिल्लं असतात, काही वाटेतच मरतात. पिल्लू हाती लागतं ते बहुधा आईला मारूनच, हे बातमीत यायला हवं. सीमाशुल्क विभागाच्या प्रसिद्धीपत्रकावर थांबू नका. जात कोणी ओळखली? जिवंत पिल्लू परत पाठवलं का, कोणत्या विमानाने, आणि तिथे पोचल्यावर ते जगलं का? प्रवासी केवळ वाहक असतो, माल घ्यायला कोण येणार होतं? २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर साइट्स या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतले जिवंत परदेशी प्राणी बाळगणाऱ्याला नोंदणी बंधनकारक झाली आहे, महाराष्ट्रातली ती नोंदणी किती आणि कोणत्या जातींची, हे माहिती अधिकारात मागता येतं. काळ्या बाजारातली किंमत मात्र मथळ्यात देऊ नका. ती वाचून हळहळणाऱ्यांबरोबर हिशेब करणारेही असतात.

छापून आल्यावर

बातमीची प्रत वनरक्षकाला, मळ्यातल्या कुटुंबाला, दुभाष्याला पाठवा. त्यांना मराठी येत नसेल तर त्यांच्याबद्दल काय लिहिलं ते फोन करून सांगा. चूक निघाली तर दुरुस्ती लगेच छापा. मग एक फाईल करा: प्रस्ताव क्रमांक, मंजुरीतल्या अटी, प्रत्येक अटीची मुदत, माहिती अधिकाराच्या अपिलाची तारीख. स्थायी समितीचं नवं इतिवृत्त आलं की त्यात ‘होलोंगापार’ हा शब्द शोधा, आणि फाईलमधल्या अटीची मुदत संपेल त्या आठवड्यात मारियानीला फोन लावा.